फोटोबुकचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं: आधी छपाई, मग फाइल, मग प्रोग्रॅम

फोटोबुक करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ गाडी इथंच चुकीच्या रुळावर जाते. कुणीतरी कॅनव्हा सुचवतं, भाच्याकडे फोटोशॉप असतं, यूट्यूबवर इनडिझाइनचे धडे असतात. महिनाभर पानं लावली जातात, फाइल प्रेसवर जाते आणि तिथला माणूस विचारतो, ‘ब्लीड कुठंय?’ मग सगळी पानं पुन्हा. (ब्लीड म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पानाच्या बाहेर वाढवून ठेवलेली फोटोची पट्टी.)

प्रोग्रॅमची निवड ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी आहे. छापणारा कोण, तो कसली फाइल घेतो, फोटो किती मोठे आहेत आणि मराठी मजकूर किती आहे, एवढं ठरलं की सहा-सात पर्यायांतले निम्मे आपोआप गळतात. उरलेल्यांची चाचणी दोन संध्याकाळींत होते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच पुस्तक डोळ्यांसमोर ठेवू: माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते सासवड चाललेल्या एका कुटुंबाचं वारीचं पुस्तक. १०×१० इंच, ४८ पानं, निम्मे फोटो मोबाइलवरचे, निम्मे कॅमेऱ्यातले, प्रत्येक पानावर मराठी ओळी. प्रती वीस-पंचवीस.

## टप्पा १: छापणार कोण, ते आधी ठरवा

पुण्यात ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली, लग्नाचे अल्बम करणाऱ्या लॅब. जाड, सपाट उघडणारी पानं, बहुतेक वेळा १२×३६ इंचांचं अखंड दुहेरी पान. त्यांना प्रत्येक दुहेरी पानाची एक जेपेग फाइल लागते, ३०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), रंग एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत). पीडीएफ दिलीत तर कपाळाला आठ्या पडतात.

दुसरी, डिजिटल किंवा ऑफसेट प्रेस. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि पेठांमध्ये विचारत फिरलात तर दिवसभरात तीन-चार भाव हातात येतील. यांना पीडीएफ लागते, ब्लीडसकट. रंग बहुधा सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत). वीस-पंचवीस प्रतींना डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटचा विचार काहीशे प्रतींच्या पुढे करावा.

तिसरी, ऑनलाइन फोटोबुक कंपन्या. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर वेबसाइटवरच असतं, म्हणजे निवडायला काही उरत नाही. एक-दोन प्रती आणि थोडा मजकूर असेल तर खुशाल तिकडे जा. मात्र तिथं लावलेली पानं तुम्हाला बहुधा दुसरीकडे नेता येत नाहीत. पाच वर्षांनी पुन्हा प्रती काढायच्या असतील तर ही वाट धरू नका.

प्रेसवर जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं तिथंच टिपून घ्या. फोनवर ‘हो हो, सगळं होतं’ एवढंच ऐकायला मिळतं.

- फाइल कुठली? पीडीएफ, जेपेग की कोरल (कोरलड्रॉ)?
- ब्लीड किती? (बहुतेक ठिकाणी ३ मिमी.)
- तुमच्या मशीनवर सर्वांत मोठा शीट कुठला?
- बायंडिंग कुठलं: सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना), परफेक्ट (गोंदाचं), शिलाई की सपाट उघडणारं?
- पानांची संख्या कितीच्या पटीत हवी?
- मुखपृष्ठाच्या कण्याची (पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची) जाडी तुम्ही देणार की मी काढू?
- पीडीएफ थेट मशीनला जाते की आधी कोरलमध्ये उघडता?

शीटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण आपल्या वारीच्या पुस्तकाचा आकार तोच बदलतो. डिजिटल प्रेसचा शीट सहसा १२×१८ किंवा १३×१९ इंचांचा असतो. १०×१० चं दुहेरी पान २० इंच रुंद होतं, म्हणजे त्या शीटवर अखंड बसत नाही. दिवे घाटातला तो रुंद फोटो, वळणावळणाने चढणारी दिंड्यांची रांग, दोन वेगळ्या कागदांवर छापली जाणार आणि बायंडिंगवाल्याच्या हातावर जुळणार. एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं की रस्ता मध्येच तुटतो. आकार ८.५×८.५ इंच केला तर दुहेरी पान १७ इंचांचं होतं, ब्लीड धरूनही शीटवर मावतं आणि सेंटर पिनच्या मधल्या जोडीवर फोटो सलग येतो. आकार बदलायची वेळ आत्ता आहे. चाळीस पानं लावून झाल्यावर नाही.

थांबा: परफेक्ट बायंडिंगमध्ये पानाची आतली कड गोंदात जाते आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा बरोबर मध्यावर आला तर नाक गेलंच म्हणून समजा. असे फोटो जास्त असतील तर आधी बायंडिंग बदला. सॉफ्टवेअर यात काही करू शकत नाही.

## टप्पा २: फोटोंचं मोजमाप

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये आणा. निवड करा, नावं क्रमाने द्या (०१_आळंदी, ०२_आळंदी अशी). मग पिक्सेल बघा.

हिशेब सोपा आहे: पिक्सेल भागिले ३०० म्हणजे छापायला निर्धास्त असलेले इंच. २०० ने भागलंत तर चालून जाईल अशी हद्द. ४०००×३००० चा मोबाइल फोटो साडेआठ इंचांच्या पूर्ण पानाला आरामात पुरतो. तोच दुहेरी पानावर १७ इंच पसरला तर दर इंचाला २३०-२३५ पिक्सेलच्या आसपास येतो, तोही चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो मात्र लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. तो पाच इंचांपर्यंत छान दिसतो. पूर्ण पानावर ताणलात की आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून गुळगुळीत डाग होतात. काकांना फोन करा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणून सांगा. मूळ फोटो येतो.

आयफोनचे फोटो बऱ्याचदा हेइक फॉर्मॅटमध्ये असतात आणि त्यांची रंगाची प्रोफाइलही (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) एसआरजीबीपेक्षा वेगळी असते. काही प्रोग्रॅम हेइक घेत नाहीत. काही घेतात, पण प्रोफाइल वाटेत टाकून देतात, मग रंग बदलतात. सगळे एकदाच एसआरजीबी जेपेगमध्ये बदलून घ्या, दर्जा सर्वांत वरचा ठेवून.

तपासा: फोटो किती, त्यांतले पूर्ण पानाला चालणारे किती, फक्त छोटे लावता येतील असे किती? हे तीन आकडे लिहून ठेवा. छोटेच जास्त असतील तर एका पानावर चार-सहा फोटो बसवणं हेच मुख्य काम आहे, आणि त्यासाठी मांडणीची जाळी नीट देणारा प्रोग्रॅम हवा.

## टप्पा ३: यादी छोटी करा

आता पर्याय. इथं मी सरळ मत देतो.

इनडिझाइन. प्रेससाठी पीडीएफ, भरपूर मजकूर, चाळीसच्या वर पानं असं काम असेल तर हाच सर्वांत भरवशाचा. समोरासमोरची पानं, ब्लीड, फोटोचा खरा पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), चुका दाखवणारी प्रीफ्लाइटची सोय, सगळं आहे. अडचण पैशांची. वर्षाचा करार महिन्याच्या हप्त्यांनी घेतला आणि मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेवर शुल्क लागतं. एका पुस्तकासाठी घेत असाल तर करार नसलेला महिन्याचा प्लॅन घ्या आणि फोटो-मजकूर तयार झाल्याशिवाय सुरूच करू नका.

स्क्राइबस. मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सीएमवायके, ब्लीड, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) सगळं येतं. दिसायला रुक्ष आहे आणि पहिले दोन दिवस वैताग आणतं. फोटो पडद्यावर धूसर दिसतात म्हणून लोक सोडून देतात. तो फक्त हलक्या पूर्वदृश्याचा परिणाम असतो, सेटिंगमध्ये पूर्ण दर्जा लावता येतो. आवृत्ती १.६ किंवा पुढचीच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटतात.

अफिनिटी. २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून मोफत मिळतं, कॅनव्हाचं खातं लागतं. फोटो सुधारणं आणि पानं लावणं एकाच ठिकाणी होतं, वापरायला स्क्राइबसपेक्षा कितीतरी सुखाचं. पण देवनागरी ही त्याच्या जुन्या आवृत्त्यांची दुखरी नस होती. पुढच्या टप्प्यातली चाचणी पास झाली तरच घ्या.

कॅनव्हा. घरच्या घरी, लवकर, दोन-तीन जणांनी मिळून करायला सोयीचं. मराठी नीट दिसतं. मात्र समोरासमोरच्या पानांची जोडी धरून काम करायची सोय इनडिझाइनसारखी नाही, आणि सीएमवायके पीडीएफ पैसे भरलेल्या खात्यातच मिळते. वीस-चोवीस पानांपर्यंत ठीक.

फोटोशॉप. अल्बम लॅबसाठी योग्य, कारण तिथं दुहेरी पानाची जेपेगच हवी असते. ४८ पानांचं मजकुराचं पुस्तक त्यात करू नका. एक शुद्धलेखनाची चूक सापडली की कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या लेयरवर, हे शोधण्यात रविवार जातो.

लाइटरूम क्लासिकचं बुक मॉड्यूल. फोटो आधीच त्यात असतील तर हात शिवशिवतो. पानांचे आकार ब्लर्ब कंपनीच्या मापांचे आहेत. आपल्या प्रेसच्या मापाशी जुळत असतील तरच.

वर्डबद्दल नेहमी विचारणा होते. होतं, पण ते जतन करताना फोटो आपसूक २२० पीपीआयवर आणतं. ती सोय आधी बंद करावी लागते. रंगही आरजीबीच, म्हणजे पडद्याचेच, राहतात. आठवणींचा मजकूरच जास्त आणि फोटो मोजके असतील तर वर्डने बिघडत नाही.

आपल्या वारीच्या पुस्तकासाठी कागदावर राहतात इनडिझाइन, स्क्राइबस आणि अफिनिटी. कॅनव्हा ४८ पानांना आणि जोडपानांच्या फोटोंना गळलं, फोटोशॉप मजकुराला, लाइटरूम आकाराला.

## टप्पा ४: मराठीची चाचणी

बहुतेक मार्गदर्शक लेख इंग्रजी मजकूर धरून लिहिलेले असतात, त्यामुळे ही पायरी त्यांत सापडत नाही. आपल्याकडे फायली सर्वांत जास्त इथंच अडकतात.

प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रिकाम्या पानावर ही ओळ चिकटवा:

*दुसऱ्या दिवशी वारकऱ्यांच्या दिंड्या दिवे घाटात. विठ्ठल, ज्ञानोबा, श्रीक्षेत्र, वाल्ह्याचा मुक्काम, पुनर्दर्शन, कॅमेरा, ऑगस्ट.*

मग पीडीएफ काढा आणि पीडीएफमध्येच, चारशे टक्के मोठं करून, बघा. पडद्यावर बरोबर दिसलेलं पीडीएफमध्ये मोडतं.

- ‘दुसऱ्या’ आणि ‘वारकऱ्यांच्या’ मधला अर्धा र आडव्या वळणाचा आलाय का? रफार झाला असेल किंवा पाय मोडका र दिसत असेल तर नापास.
- ‘दिंड्या’ची पहिली वेलांटी द च्या आधी आहे ना? नंतर पडली असेल तर प्रोग्रॅमला देवनागरी कळतच नाही.
- ‘विठ्ठल’चा ठ्ठ. हलन्त दिसला तर आधी फॉन्ट बदलून बघा. दोष कधी कधी फॉन्टचा असतो.
- ‘वाल्ह्याचा’. इथं तीन व्यंजनं एकत्र येतात, कच्चा फॉन्ट लगेच उघडा पडतो.
- ‘कॅमेरा’, ‘ऑगस्ट’ मधले चंद्र जागेवर आहेत का?
- ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी? मजकुराची भाषा ‘मराठी’ लावता येत असेल तर काही फॉन्टमध्ये ते आपोआप बदलतात. नाहीतर मराठीसाठीच काढलेला फॉन्ट घ्या. गूगल फॉन्ट्सवरचा तिरो देवनागरी मराठी पुस्तकी मजकुराला शोभतो. छोट्या फोटोओळींना मुक्ता सुटसुटीत.

इनडिझाइनमध्ये अक्षरं मोडली तर घाबरू नका. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडायचा असतो. तो एकदा परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच बसवा, म्हणजे पानागणिक विसरायला होत नाही.

दुसरी अडचण जुन्या मजकुराची. आजोबांनी कधीकाळी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या आठवणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर नव्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो मजकूर आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर पूर्ण वाचा. या अदलाबदलीत हमखास दगा देतात ती जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं.

सावधान: फोटोओळी दोन्ही बाजूंनी समास जुळवून लावू नका. अरुंद चौकटीत मराठी शब्दांमध्ये मोठाली भगदाडं पडतात. डावीकडून जुळवा, उजवी कड मोकळी सोडा.

## टप्पा ५: चार पानांची खरी फाइल

ट्युटोरियलमधलं नमुना पुस्तक करून काहीच कळत नाही. आपल्याच पुस्तकातली चार अवघड पानं निवडा, मराठीच्या चाचणीत पास झालेल्यांतले दोन प्रोग्रॅम घ्या आणि दोन्हींत तीच चार पानं लावा:

1. जोडपानावर पसरलेला एक फोटो (आपला दिवे घाट).
2. एका पानावर सहा छोटे फोटो, प्रत्येकाखाली ओळ.
3. अर्धं पान मजकूर, अर्धं फोटो.
4. गडद रंगाचं पान: रात्रीचा मुक्काम, किंवा भगव्या पताकांनी भरलेला फोटो.

क्रमही असाच ठेवा: आधी पानाचं माप, ब्लीड आणि समास, मग मजकुराच्या स्टाइल, मग फोटो. उलट केलंत की ब्लीड नंतर वाढवावं लागतं आणि कडेला लावलेला प्रत्येक फोटो हाताने ओढावा लागतो. महत्त्वाची अक्षरं आणि चेहरे कापाच्या रेषेपासून किमान १० मिमी आत ठेवा, आतल्या कडेला त्याहून जास्त.

लावताना या गोष्टींकडे लक्ष द्या. एक फोटो काढून दुसरा घातला तर चौकटीचा आकार तसाच राहतो का? सहा चौकटींचं पान पुढच्या पानावर एका झटक्यात उतरवता येतं का? मूळ फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उजळ केला तर इथं आपोआप बदलतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर १२० फोटोंच्या पुस्तकात तुमचा जीव मेटाकुटीला येईल.

जिथं फोटो फक्त जोडलेले असतात (इनडिझाइन, स्क्राइबस) तिथं फोल्डरचं नाव बदलू नका, फोटो पेनड्राइव्हवर ठेवून काम करू नका. काम झाल्यावर सगळं गोळा करून द्यायची सोय दोन्हीकडे आहे, ती वापरा.

तपासा: चार पानांना लागलेला वेळ भागिले चार, गुणिले ४८. उत्तर तुमच्या सुट्ट्यांत बसतंय का? बसत नसेल तर पानं कमी करा किंवा प्रोग्रॅम बदला.

## टप्पा ६: तीच चार पानं प्रेसवर छापून बघा

दोन्ही प्रोग्रॅमच्या पीडीएफ त्याच मशीनवर, त्याच कागदावर काढून घ्या. खर्च किरकोळ होतो आणि निवडीचा निकाल इथंच लागतो. दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत प्रेसवाल्याला अशा चार पानांसाठी सवड नसते, म्हणून आधी जा.

भगवा बघा. पडद्यावरची झळझळीत पताका सीएमवायकेत थोडी मळकट होतेच, गुलालही उतरतो. पण दोन पीडीएफमध्ये फरक दिसला तर एका प्रोग्रॅममध्ये रंगबदल चुकीच्या प्रोफाइलने होतोय. प्रेसकडून प्रोफाइलचं नाव घ्या आणि तीच लावा. त्यांच्याकडे नाव नसेल तर ‘आरजीबी दिली तर चालेल का’ विचारा. बऱ्याच डिजिटल मशीनवर चालते.

काळी अक्षरं बघा. भिंग घ्या. फोटोओळीतल्या अनुस्वाराभोवती गुलाबी किंवा निळी किनार दिसली तर काळा रंग चार शाईंचा झालाय. मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के हवा. आरजीबी काळ्यातून पीडीएफ काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे हमखास होतं. देवनागरीच्या बारीक मात्रा आणि टिंबं आधी गिचमिड होतात.

कापलेली कड बघा. पांढरी रेघ दिसली तर ब्लीड पीडीएफमध्ये गेलेलंच नाही. फाइलमध्ये ब्लीड असणं आणि पीडीएफ काढताना त्यावर खूण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग येतं ते प्रसिद्ध वाक्य: ‘साहेब, फाइल कर्व्ह करून आणा.’ म्हणजे प्रेसवाला पीडीएफ कोरलमध्ये उघडणार आहे, आणि तिथं मराठी मोडायची भीती त्यालाही आहे. पीडीएफ थेट मशीनला देता येत असेल तर तसा आग्रह धरा, कारण त्यात फॉन्ट बसवलेले असतात. नसेलच तर मजकुराच्या बाह्यरेषा करून द्या. मात्र त्या वेगळ्या प्रतीत करा. बाह्यरेषा झाल्या की तो मजकूर राहत नाही, चित्र होतं, आणि आजोबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही.

## टप्पा ७: निवड आणि बाहेर पडायची वाट

दोन्हींची छपाई सारखीच आली तर ज्यात पानं लवकर झाली तो घ्या. घरात दुसरं कुणी तोच प्रोग्रॅम वापरत असेल तर त्याचंही वजन धरा. रात्री अकराला अडल्यावर विचारायला माणूस हवा.

सुरुवात करण्याआधी एवढं बघा: पैसे भरणं थांबलं तर फाइल उघडेल का? इनडिझाइनमध्ये काम केलंत तर शेवटी आयडीएमएल (इतर प्रोग्रॅमना वाचता येणारी) प्रतही जतन करा. ती अफिनिटी आणि स्क्राइबस दोन्ही आयात करतात, मांडणी थोडी हलते पण मजकूर आणि चौकटी वाचतात. वेबवरच्या प्रोग्रॅममध्ये केलंत तर छपाईच्या दर्जाची पीडीएफ उतरवून घेतल्याशिवाय खातं बंद करू नका.

एका फोल्डरमध्ये ठेवायचं ते असं: मूळ फोटो, यूनिकोड मजकूर साध्या फाइलमध्ये, फॉन्ट, प्रोग्रॅमची फाइल, प्रेसला दिलेली शेवटची पीडीएफ, आणि टप्पा १ मध्ये प्रेसवर टिपून घेतलेल्या उत्तरांचा फोटो. कागदाचं वजन आणि कण्याची जाडी त्यात लिहिलेली असू द्या. पुढच्या वेळी दुसऱ्या प्रेसवर गेलात आणि कागद बदलला तर मुखपृष्ठाचा कणा नव्याने मापावा लागेल.